कोरडं फडकं आणि काळी गाडी

काळी गाडी उन्हात उभी असताना बॉनेटवर नीट बघा. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात, ते स्वर्ल मार्क्स. लोक म्हणतात, "पेंट गेला." पेंट बिचारा जागेवर असतो. चरे पडतात त्यावरच्या क्लिअर कोटला. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ.

आणि आपली नगरची धूळ! (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जिभेला वळण लागायला वेळ लागतोय.) जमीन बेसाल्टची, त्यामुळे धूळ म्हणजे खडकाचा भुगाच, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कडक. त्यावर रोज सकाळी भक्तिभावाने कोरडं फडकं फिरवायचं म्हणजे गाडीला पॉलिश पेपर घासण्यासारखंच झालं. मग चकाकी गेली की पॉलिशवाल्याकडे धाव.

पॉलिश चरे भरत नाही, भोवतालचा क्लिअर कोट घासून सपाट करतं. म्हणजे दर वेळी थर थोडा कमी होतो. स्वस्तातल्या पॉलिशमध्ये बऱ्याचदा नुसते फिलर असतात. चार वेळा गाडी धुतली की रेघा परत हजर. त्यात रोटरी मशीन शिकाऊ हातात असेल तर नवीन रेघा फुकट! माझं मत विचाराल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, स्वच्छ फोम पॅड, सावली आणि गार पत्रा, यातलं एक जरी नसेल तर गाडी तशीच घरी आणावी.

धुताना दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसती कापड खळबळायला. कापड मायक्रोफायबरचं. जमिनीवर पडलं की ते फक्त टायरसाठी. बाकी दोन दिवस धूळ राहिली तर राहू द्या. हे बाबांना कोण सांगणार, तो प्रश्न वेगळा.