जाहीर आवाहन : कंबरदुखीने खाट धरू नये

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली कंबरदुखी जुनाट समजली जाते. बरगड्यांच्या खालच्या कडेपासून कुल्ल्यांपर्यंतचा भाग दुखतो. कधी कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, म्हणजे दर तेरा माणसांत एकाला. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत तिचा क्रमांक जगात पहिला लागतो. मावळात भात लावणारी बाई, एसटीचा चालक, संगणकापुढे दिवस काढणारा कारकून, कोणीही तिच्यातून सुटलेला नाही. तरीही घरी काय करावे, काय विकत घ्यावे आणि दवाखाना कधी गाठावा, याबाबत खेड्यात आणि शहरात सारखाच गोंधळ आहे. म्हणून सर्व नागरिकांना आवाहन करण्यात येते की, कंबरदुखीवरचा कोणताही घरगुती उपाय वा उपकरण एकाच कसोटीवर पारखावे : त्याने माणूस उठून हिंडूफिरू लागतो, की अंथरुणाला खिळतो?

कंबरेच्या भागात कण्याचे पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये चकती, भोवती स्नायू आणि बंध, आणि पायांकडे उतरणाऱ्या नसा. शंभरांतल्या सुमारे नव्वद रुग्णांच्या बाबतीत यातले नेमके काय दुखते, हे कोणत्याही तपासणीत बोट ठेवून दाखवता येत नाही. रुग्णाला हे पटत नाही. तो एक्स-रे काढतो, मग एमआरआय काढतो आणि अहवाल हाती पडला की आणखी घाबरतो. ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’, ‘मणके झिजले’ ही निदाने तिथूनच घरोघर पोचतात आणि त्यानंतर माणूस वाकायलाही भितो. कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांच्या अशा तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. डोक्यावरचे केस पिकावेत तशी ही झीज वयाबरोबर येते. चकती बाहेर येऊन खरोखरच नस दबली, तरी बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. धोक्याचे लक्षण नसताना एमआरआयवर हजारो रुपये घालवण्याची घाई करू नये.

ती लक्षणे मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघांत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पायांतली ताकद कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. कण्याच्या तळाशी असलेला नसांचा झुबका दबल्याची ती खूण असते. अशा वेळी शेकण्यात गेलेली एक रात्र कायमचे नुकसान करू शकते. पडल्यानंतर किंवा उतारवयात नुसत्या हिसक्याने अचानक उठलेली कळ, पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेले असणे, कारण नसताना वजन उतरणे, यांतही घरगुती उपायांत वेळ दवडू नये.

आपल्याकडे आणखी एका आजाराची आठवण ठेवावीच लागते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, भूक मंदावणे, रात्री वाढणारी कळ आणि मणक्यावर ठरावीक जागी दाबताच दुखणे, ही मणक्याच्या क्षयरोगाची लक्षणे असू शकतात. खोकला नसतानाही हा आजार होतो, म्हणून तो कोणाच्या ध्यानात येत नाही. दुर्लक्ष झाले तर पाठीला पोक येते, पाय लुळे पडू शकतात. वेळेत कळला तर बहुतेकदा औषधांनीच बरा होतो आणि ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. तरुणांच्या बाबतीत वेगळी खूण पाहावी. सकाळी उठल्यावर कंबर अर्ध्या तासाहून अधिक आखडलेली राहते, पहाटे दुखण्याने झोप मोडते, पडून राहिल्याने वाढते आणि हालचालीने मोकळे वाटते, असे महिनोन्‌महिने चालले असेल तर तो कण्याच्या सांध्यांचा दाह असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञाकडे जावे.

स्त्रियांच्या कंबरदुखीभोवती गैरसमजांचे जाळे अधिक दाट आहे. ‘सिझेरियनच्या वेळी मणक्यात इंजेक्शन दिले, तेव्हापासून कंबर गेली’ ही तक्रार घराघरांत ऐकू येते. सुईच्या जागी काही दिवस दुखते हे खरे, पण जन्मभराच्या कंबरदुखीचे खापर त्या सुईवर फोडता येत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. बाळंतपणात ताणलेले पोटाचे आणि कंबरेचे स्नायू, मोडलेली झोप आणि दिवसभर कडेवर असलेले मूल यांकडे आधी पाहावे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कंबर दुखते आणि अंगावरून पांढरे जाते म्हणून ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. गर्भाशयाच्या काही आजारांत कंबर दुखते. पण नुसती कंबरदुखी हे गर्भाशय काढण्याचे कारण ठरत नाही. त्याबरोबर बीजकोशही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात आणि कंबरेचे दुखणे उलट वाढू शकते. असा सल्ला मिळालेल्या स्त्रीने दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो सरकारी रुग्णालयातले, मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, आणि घरच्यांनी तिच्यावर घाई करू नये.

घरगुती उपायांत शेक सर्वांत जुना आणि आजही उपयोगाचा. तव्यावर तापवलेली मिठाची वा ओव्याची पुरचुंडी, निर्गुडीचा पाला, रबरी पिशवी, विजेचे पॅड. काम उबच करते. निर्गुडी श्रेष्ठ की ओवा, हा वाद आजीवर सोपवलेला बरा. पिशवीत उकळते पाणी ओतू नये. ती दोन तृतीयांश भरावी, दाबून हवा काढावी, बूच घट्ट लावून उलटी करून पाहावी आणि टॉवेलात गुंडाळूनच कंबरेखाली घ्यावी. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. विजेच्या पॅडवर झोपी जाऊ नये. कंबरेला बाम चोळून त्यावर लगेच शेकू नये, कातडी पोळते. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी पिशवी स्वतःच्या अंदाजाने न घेता घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हाताने पारखून घ्यावी, कारण अशा रुग्णांना चटका बसलेला कळत नाही आणि फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. तेलाचे हलक्या हाताने केलेले मालिशही चालते. मात्र शेक आणि मालिश यांनी मिळणारा आराम तासा-दोन तासांचा असतो. तो चादर ओढून झोपण्यात घालवू नये. कंबर मोकळी झाली की लगेच उठून चालावे, म्हणजे शेकल्याचे चीज होते.

उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाण्याची रीत अजून गावोगाव आहे. उसण बहुधा आपोआपच उतरते, श्रेय पायाला मिळते. लाथ हळू असेल तर हसून सोडून द्यावे. पण हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीवर हा प्रयोग मुळीच करू नये. बिब्ब्याचे तेल लावणे आणि तापल्या सळईचे डाग देणे या गोष्टींना मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बिब्ब्याने कातडीवर फोड येऊन महिनाभराची जखम होते, डागाची जागा चिघळते आणि कंबर जिथल्या तिथे राहते. बाजाराच्या दिवशी विकल्या जाणाऱ्या, वर नाव-गाव काहीच नसलेल्या पुड्यांबाबतही तेवढीच सावधगिरी हवी. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवसांत चमत्कार वाटावा इतका आराम पडतो, आणि काही महिन्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे पोखरतात.

उपकरणांवर होणारा खर्च हा खरा चिंतेचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या शस्त्रक्रियेविना उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत कंबरेचे पट्टे, वजन लावून कंबर ताणणे, अल्ट्रासाउंडचा शेक आणि कातडीवर विजेचे सौम्य झटके देणारे टेन्स यंत्र, हे चारही नेहमीचा उपचार म्हणून वापरू नयेत असे म्हटले आहे. रुग्णाला समजावून सांगणे, व्यायाम, मालिश, मनावरच्या ताणावरचे उपचार आणि गरजेपुरती दाहशामक औषधे यांना त्याच दस्तऐवजात जागा आहे. म्हणजे दुकानात जे मांडलेले असते ते बहुतेक पहिल्या यादीतले, आणि दुसऱ्या यादीतले फुकट किंवा स्वस्त. ज्यांनी पट्टा आधीच घेतला आहे त्यांनी तो लांबच्या प्रवासात किंवा ओझे उचलताना तासभर बांधला तर बिघडत नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत बांधून ठेवू नये. टेन्स यंत्र हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. चुंबकाचे पट्टे आणि तांब्याची कडी यांवर पैसा टाकू नये. मोफत शेक देणाऱ्या खाटांच्या शिबिरात जायला हरकत नाही, पण शिबिर संपताना हप्त्यावर खाट घेण्याचा आग्रह होतो, तेव्हा सही करण्यापूर्वी घरी विचार करावा.

गादीबद्दलही एक समजूत मोडायला हवी. कंबर दुखणाऱ्याने फळीवर किंवा उघड्या फरशीवरच झोपावे, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. स्पेनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपलेल्यांना अधिक आराम पडला. घट्ट भरलेली, मध्ये खड्डा न पडलेली कापसाची गादी पुरेशी आहे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचा उपाय चालण्याचा, आणि त्याचीच सर्वाधिक टाळाटाळ होते. हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवरचा एक प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवले, काहींना कंबरेचे व्यायाम दिले आणि बाकीच्यांना झेपेल तेवढी रोजची कामे करायला सांगितले. रोजची कामे करणारेच सर्वांत लवकर सावरले. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यात चालण्याची शिस्त लावून घेतलेल्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांची ११२ दिवसांतच धरली. सुरुवात दहा मिनिटांनी करावी आणि आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास इथपर्यंत हळूहळू यावे. गुडघे दुमडून पाठीवर झोपून कंबर उचलणे, ओणवे होऊन मार्जारासन करणे, हे घरच्या चटईवर जमते. योगवर्गाला जाणाऱ्यांनी पुढे वाकण्याची आसने बेताने करावीत. व्यायाम करताना थोडे दुखणे म्हणजे इजा नव्हे. दुसऱ्या दिवशीही कळ वाढलेलीच राहिली तर मात्रा निम्मी करावी, व्यायाम सोडू नये. अधूनमधून दुखणे उसळी घेणारच. तेव्हा थोडा वेळ सोसवेल अशा कुशीवर पडावे, दर तासाला उठून घरात फेरी मारावी आणि झेपेल तेवढी रोजची कामे चालू ठेवावीत.

रात्रभर आडवे राहिल्याने चकत्यांत पाणी भरते आणि माणूस सकाळी एखाद्या सेंटिमीटरने उंच असतो. फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण अधिक येतो. नेमक्या त्याच वेळी घरोघर केरसुणी हातात असते, सडा पडतो, हंडे उचलले जातात. झाडलोट उठल्यानंतर तासाभराने करावी, उंच दांड्याचा झाडू घ्यावा आणि हे काम एकाच बाईवर टाकू नये. ग्रामपंचायतींनी सार्वजनिक नळाखाली गुडघ्याच्या वर येईल असा ओटा बांधावा. भरलेला हंडा जमिनीवरून उचलावा लागणार नाही. ऊसतोडीत जड मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढावे लागते. मुकादम आणि कारखान्यांनी मोळी लहान बांधू द्यावी. कार्यालयांनी कर्मचाऱ्यांना दर पाऊण तासाला उठायची मुभा द्यावी. महागड्या खुर्चीपेक्षा या मुभेचा उपयोग अधिक.

गोळ्यांबाबत थोडक्यात. डायक्लोफेनॅकसारख्या दाहशामक गोळ्या कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्याव्यात. त्या पोटात रक्तस्राव घडवू शकतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. मधुमेही आणि वृद्धांनी त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून खाऊ नयेत. आठवड्याला सुई टोचून घेण्याची सवय लावून घेऊ नये.

सहा आठवडे चालणे, शेक आणि व्यायाम करूनही फरक पडला नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि जिल्हा रुग्णालयाच्या भौतिकोपचार विभागासाठी चिठ्ठी मागावी. जाताना जुने एक्स-रे, चालू औषधांची पाकिटे आणि कुठली पुडी खाल्ली असल्यास तीही सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना विचारत बसावे लागत नाही.