अभिजात नाटक कोणाचे?

शाळेचे स्नेहसंमेलन म्हटले की ध्वनिमुद्रित गीतांवरील नृत्ये आलीच. त्यांत आनंद आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या रंगमंचावर मुलाचा स्वतःचा आवाज एकदाही उमटत नाही, त्या रंगमंचाने त्याला काय दिले, याचा विचार पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी करावा, असे आम्हांस वाटते.

ब्रिटनमधील एका धर्मादाय संस्थेचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. शेक्सपिअर शालेय नाट्यमहोत्सवाचा आरंभ २००० साली वेल्समधील मोजक्या शाळांपासून झाला व पुढे तो त्या देशात सर्वदूर पसरला. शेक्सपिअरच्या नाटकांच्या सुमारे अर्ध्या तासाच्या संहिता ही संस्था शाळांना पुरविते. कथानक आटोपशीर होते. भाषा मात्र मूळ कवीचीच राहते. शिक्षकांना दिग्दर्शनाचे धडे मिळतात. अखेरीस निरनिराळ्या शाळांची मुले एकाच संध्याकाळी व्यावसायिक नाट्यगृहात, खऱ्या प्रकाशयोजनेत, प्रेक्षकांसमोर उभी राहतात. विशेष मुलांच्या शाळांनाही तोच रंगमंच लाभतो.

'आपल्या मुलांना ती जड भाषा कशी झेपणार?' असा आक्षेप येईल. उत्तर सोपे आहे. न समजलेले वाक्य पाठ करता येते, पण प्रेक्षकांपर्यंत पोहोचविता येत नाही; म्हणून मूल अर्थ विचारते. भाषेचे खरे शिक्षण तेथेच सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अभिजात वाङ्मय ज्यांनी आपल्यापासून दूर ठेवले, त्यांचे ते आपण का मिरवावे? शाळेत बाबासाहेबांना संस्कृत नाकारले गेले. त्यांना फारसी घ्यावी लागली. तरीही पुढे त्यांनी संस्कृत स्वतः अभ्यासले, ग्रंथ वाचले आणि त्यांना प्रश्न विचारले. नाकारलेली वस्तू तपासून घेण्याचा हा अधिकार आमच्या मुलांनीही बजावावा.

शूद्रकाचे 'मृच्छकटिक' घ्या. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणले. मूळ नाटकात निर्धन चारुदत्त आहे, गणिका वसंतसेना आहे, जुगार सोडून भिक्षू झालेला संवाहक आहे. चारुदत्ताला वधस्थानी नेणारे चांडाळही तेथे मुके नाहीत. खरा चांडाळ कोण, हा प्रश्न तेच उपस्थित करतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने ती भूमिका समजून केली, तर जातिव्यवस्थेवरील कित्येक व्याख्यानांहून अधिक तो शिकेल.

निवासी शाळेपाशी एक धन असते, ते म्हणजे संध्याकाळ. तालमीला यापरता चांगला वेळ कोणता? आमची सूचना इतकीच : दरवर्षी एक अभिजात नाटक अर्ध्या तासात बसवावे. प्रत्येक मुलाला रंगमंचावर वा पडद्यामागे काम द्यावे, आणि प्रयोग तालुक्याच्या नाट्यगृहात करावा. नाट्यगृहाचे भाडे व वेशभूषेचा खर्च माजी विद्यार्थ्यांनी उचलावा. देणगीची पाटी भिंतीवर राहते. रंगमंचावर निर्भयपणे उच्चारलेला शब्द मुलाबरोबर आयुष्यभर चालतो.