6174 पुरे, आता डेम्लो

दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची आठवण आपल्याला वर्षातून एकदा होते. 17 जानेवारीला, त्यांच्या जन्मदिवशी, 6174 चा फॉरवर्ड येतो. खाली ‘अभिमान’, त्याखाली जोडलेले हात. मी पाठवणाऱ्याला दर वेळी विचारतो, करून बघितलंत का? उत्तर येत नाही. फॉरवर्ड मात्र पुढे गेलेला असतो.

या अभिमानाचा मला राग येतो, आणि डोंबिवलीकर म्हणून जरा जास्तच. जीआयपी रेल्वेवरचं ‘डेम्लो’ म्हणजे आजची डोंबिवली. तिथे सुचल्या म्हणून कापरेकरांनी त्यांना नाव दिलं डेम्लो संख्या. दहावी होईपर्यंत हे मला डोंबिवलीत कुणी सांगितलं नाही. शाळेत नाही, क्लासमध्ये तर नाहीच.

त्यातल्या सगळ्यात देखण्या अशा: 11 चा वर्ग 121, 111 चा 12321, नऊ एकांचा 12345678987654321. दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात, हातचा शेजारी सरकतो आणि जिना मोडतो: 1234567900987654321. चौथ्या सीटचं राजकारण ज्याला कळतं त्याला हे समजवायला क्लास लावावा लागत नाही.

खरी गंमत त्या नुसत्या एकांत आहे. त्यांतल्या मूळ संख्या किती? सहा एक बाद, कारण 111 गुणिले 1001. म्हणजे एक किती आहेत तो आकडाही मूळ हवा. तेवढ्यानेही भागत नाही: 11111 म्हणजे 41 गुणिले 271. दोन एकांनंतर थेट 19, मग 23, 317, 1031. त्यापुढची 49081 अंकी. ती मूळ असल्याचं सिद्ध व्हायला 2022 उजाडलं.

1111111111111111111 घ्या. हिला भाजक असलाच तर तो 38 च्या पाढ्यापेक्षा एकाने जास्तच असणार. (सात एकांचे भाजक बघा, 239 आणि 4649. दोन्ही 14 च्या पाढ्यापेक्षा एकाने जास्त.) वर्गमूळ साधारण 105 कोटी, म्हणजे पावणेतीन कोटींच्या आसपास भागाकार. खिशातला फोन हे डोंबिवली ते ठाण्याच्या आत उरकतो. एकदाही बाकी शून्य येत नाही.

‘उपयोग काय?’ असं कुणी विचारलं की गणितवाले घाईने यूपीआय पुढे करतात: मोठ्या मूळ संख्यांवर कुलपं चालतात वगैरे. अहो, कुलपाला गुप्त संख्या लागते. ही तर जगाला पाठ आहे. हिचा काही उपयोग नाही, सांगून टाका ना! लाज कसली? ठाण्यात शिकलेले, पदव्युत्तर शिक्षण नसलेले कापरेकर 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर होते आणि आवडतं म्हणून आकडेमोड करत होते. 1975 मध्ये मार्टिन गार्डनरने ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा जगाला ते कळले. आपल्याला अजून फक्त त्यांचा फोटो कळलाय. त्यांना मरणोत्तर यूपीआयचे प्रचारक कशाला करायचं?

येत्या 17 जानेवारीला मला जो 6174 पाठवेल त्याला मी 23 एक परत पाठवणार आहे. भाजक शोधायचा 46 च्या पाढ्यात एक मिळवून. सव्वादोनशे कोटींच्या वर भागाकार होतील. ठाण्यापर्यंत नाही जमलं तर कसाऱ्याची गाडी पकडा.