यंत्राचाही फेरफार असावा

नांदेडहून अर्धापूरमार्गे येणारा रस्ता वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर आणि कळमनुरीवरून हिंगोलीस जाते, तर दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे वळते. या ठिकाणी वाट चुकलेला उतारू भेटला, तर जाणता माणूस त्यास प्रथम एवढेच विचारतो की, तुम्हांस हिंगोलीकडे जावयाचे की नागपूरकडे. आणि त्या एका प्रश्नासरशी अर्धा मुलूख विचारातून बाजूला पडतो. यंत्रातील दोष शोधण्याची रीतही याहून निराळी नाही, हे मला याच फाट्याच्या परिसरातील एका व्यापारी पेढीत प्रत्यक्ष पाहावयास मिळाले, आणि त्या अनुभवाचे तात्पर्य आजच्या आपल्या सर्वच कचेऱ्यांना लागू पडते, म्हणून ते येथे मांडीत आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. पेढीत एससीओ युनिक्स या संगणक प्रणालीवर चालणारा सर्व्हर होता आणि त्यास जोडलेल्या मोडेममधून हळदीचे भाव व मालाच्या याद्या परगावच्या व्यापाऱ्यांना फॅक्सने जात असत. एके दिवशी फॅक्स जाणे बंद झाले. पडद्यावर तक्रारीचा एक शब्द उमटेना. पाठविलेला कागद रांगेत नुसता तिष्ठत राही. मंडळींनी टेलिफोनच्या लाइनीस बोल लावून लाइनमनला पाचारण केले, मग मोडेम बिघडला असे ठरवून दुसरा मागविला, आणि अखेरीस संगणकच जुना झाला असा निर्वाळा दिला. अशा रीतीने चार दिवस गेले, आणि बाजारात भावाच्या चार दिवसांची किंमत काय असते, हे हळदीच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

पाचव्या दिवशी नांदेडहून आलेल्या तरुण तंत्रज्ञाने कशासही हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला: बाहेरचे फॅक्स येतात की नाही? ते तर रोज येत होते. पण त्या गोष्टीकडे कोणी पुरावा म्हणून पाहिलेच नव्हते. फॅक्स येतो म्हणजे लाइन जिवंत आहे, तार जोडलेली आहे आणि मोडेम शाबूत आहे. याचा अर्थ ज्या लाइनीत आणि मोडेममध्ये चार दिवस शोध चालला होता, ती दोन्ही निर्दोष होती. तरीही खातरजमा करावी म्हणून त्याने मोडेमशी थेट संवाद जोडला व ‘एटी’ ही दोन अक्षरे टंकली. १९८१ साली हेज कंपनीच्या मोडेमबरोबर रूढ झालेली ही हाक जगातील बहुतेक मोडेम ओळखतात. समोरून ‘ओके’ असे उत्तर आले. फॅक्सच्या कोणत्या पद्धती तुला अवगत आहेत, असे विचारता मोडेमने शून्य, एक आणि दोन असे आकडे मांडले, म्हणजे साध्या संदेशवहनाबरोबर फॅक्सच्याही दोन पद्धती त्यास येत होत्या. आता दोषाला लपावयास युनिक्सची बाजूच काय ती उरली.

तेथे दोष सापडला तो एका अक्षरात. या प्रणालीत तारेच्या एकाच जोडणीस दोन नावे असतात आणि दोहोंत अंतर केवळ शेवटच्या रोमन अक्षराचे. ते अक्षर लहान लिपीत असेल, तर जोडणी तत्काळ उघडते. मोठ्या लिपीत असेल, तर पलीकडच्या यंत्राशी संबंध जुळल्याचा वाहक संकेत मोडेमकडून येईपर्यंत ती उघडत नाही. येणाऱ्या संदेशासाठी दुसरी रीत योग्य, कारण तेथे वाट पाहणे हेच काम असते. परंतु फॅक्स पाठविण्याच्या संरचनेतही कोणीतरी मोठे अक्षर लिहून ठेवले होते. परिणाम असा की, नंबर फिरविल्याशिवाय पलीकडचे यंत्र उत्तर देणार नाही, उत्तर आल्याशिवाय वाहक संकेत मिळणार नाही, आणि संकेत मिळाल्याशिवाय नंबर फिरविता येणार नाही, अशा चक्रात ती प्रणाली निमूटपणे अडकून पडली होती. दोन मेजांमध्ये एकमेकांच्या शेऱ्याची वाट पाहत पडून राहणाऱ्या अर्जाची अवस्था ज्याने पाहिली आहे, त्यास हे निराळे समजावून देण्याचे कारण नाही.

अक्षर बदलावयास एक क्षणही लागला नाही. मला चटका लावून गेली ती त्यानंतरची गोष्ट. त्या फायलीवर शेवटचा हात कोणत्या तारखेस फिरला, हे युनिक्सने जपून ठेवले होते. परंतु तो हात कोणाचा आणि बदल कोणत्या हेतूने केला, याची नोंद कोठेही नव्हती.

आपल्या महसुली दप्तरात असे चालत नाही. सातबाऱ्यावरील एक नाव बदलावयाचे झाले, तरी गाव नमुना सहामध्ये क्रमांकानिशी फेरफार नोंदवावा लागतो, हितसंबंधितांस नोटीस द्यावी लागते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो. त्यामुळेच पन्नास वर्षांनंतरही वारसास विचारता येते की, हे नाव येथे कसे आले. जमिनीच्या बाबतीत ज्या समाजाने इतकी दक्षता अंगी बाणविली, त्याच समाजाने यंत्राच्या बाबतीत ती सोडून द्यावी, हे मला खेदजनक वाटते.

यंत्राच्या बिघाडाचा हा प्रश्न क्षुद्र मानू नये. नोव्हेंबर २०१८ मध्ये जम्मू-काश्मीरात सत्तास्थापनेचा दावा करणारे पत्र राजभवनाच्या फॅक्सवर जात नाही, असे तेथील माजी मुख्यमंत्री मेहबूबा मुफ्ती यांनी जाहीरपणे सांगितले आणि त्याच रात्री तेथील विधानसभा विसर्जित झाली. आपल्या गावी एवढे राजकारण घडत नसेल. परंतु रास्त भावाच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून परत फिरणारी वृद्धा आणि सेतू केंद्रात दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडविणारा मजूर यांस ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे एकच उत्तर मिळते. हे उत्तर नव्हे. ही शोधास दिलेली सुट्टी आहे. बिघाड लाइनीत आहे, तारेत आहे, यंत्रात आहे की प्रणालीत, हे क्रमाने विचारल्यास कोठेतरी त्याचा पत्ता लागतोच.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक कचेरीत, पेढीत आणि केंद्रात यंत्राशेजारी एक वही ठेवावी. तारीख, केलेला बदल, त्याचे कारण आणि करणाऱ्याची सही एवढे चार रकाने त्यात मराठीत आखावेत, आणि देखभालीचा करार करताना ही वही भरणे ही त्यातील एक शर्त असावी. फॅक्सचे युग सरले. वाट चुकलेल्यास पहिला प्रश्न योग्य विचारण्याची आणि आपण कोठून कोठे गेलो हे पुढच्यासाठी लिहून ठेवण्याची गरज मात्र सरलेली नाही. वहीची किंमत ती काय असणार. ती आजच आणावी.