बियांचा हिशेब चुकला आणि मार्मालेड पातळ राहिले



हिशेब चुकला की कारकून आधी दुसऱ्याच्या वहीत चूक शोधतो. या खेपेला चूक माझ्याच वहीत निघाली, म्हणून ती सर्वांसमोर मांडतो.

आमच्या वस्तीतील बचत गटात ९ जणी आहेत. संत्र्याचा हंगाम भरात होता. कळमन्याच्या बाजारातून लहान, डागाळलेली पण आतून चांगली संत्री स्वस्तात मिळत होती. मीच सुचवले की यांचे मार्मालेड करू. प्रत्येकीने ५० रुपये काढले, ४५० रुपये जमले. धुणीभांडी करणाऱ्या, रोजीने जाणाऱ्या बायांचे हे पैसे. २ किलो फळ, अडीच किलो साखर, बाटल्या, गॅस, सगळे त्यात बसवले. कृती मी कागदावर लिहून दिली. त्यात ठळक अक्षरांत लिहिले होते, "बिया व पांढरा भाग कडू असतो, काढून फेकावा."

माझ्या हिशेबाने पाव किलोच्या १६ बाटल्या व्हायला हव्या होत्या, झाल्या १९. मी खूश! तीन बाटल्या वर निघाल्या म्हणून वहीत नोंदही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली आडवी केली तर आतला माल पाण्यासारखा झाकणाकडे धावला. साली वर तरंगत होत्या आणि खाली नुसता गोड पाक.

गटातील वयाने मोठ्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुमचा हिशेब बरोबर असन, पन बाटलीतला पाक तुमचं ऐकून नाही राह्यला." सगळ्या हसल्या. पण एकीचे तोंड उतरले होते. ५० रुपये म्हणजे तिच्या घरचा दोन दिवसांचा भाजीपाला होता. त्या दिवशी कचेरीत माझे लक्ष लागले नाही.

मार्मालेड हा शब्द पोर्तुगीज भाषेतून इंग्रजीत गेला. तिकडे 'मार्मेलो' नावाच्या फळाची वडी करीत, तिचे नाव 'मार्मेलादा'. पुढे ते नाव संत्रावर्गीय फळांच्या, सालीचे तुकडे घातलेल्या मुरांब्यासारख्या पदार्थाला चिकटले. तो जमून येण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर. पेक्टिन हा फळातला चिकट पदार्थ. आंबटपणा आणि पुरेशी साखर मिळाली की त्याचे धागे एकमेकांत गुंततात, पाणी त्या जाळ्यात अडकते आणि पाक थरथरता घट्ट होतो. तिघांपैकी एक जरी गैरहजर राहिला तरी काम अडते.

आता हे पेक्टिन असते कुठे? रसात फार थोडे. ते असते सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात, फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांभोवती. म्हणजे जे मी फेकायला सांगितले, नेमके त्यातच! मावशींना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "लिंबाच्या बिया रात्रभर पान्यात ठेवून पाहा, सकाळी बुळबुळीत होतात." तोच तो चिकटपणा.

नागपुरी संत्र्याची आणखी एक अडचण आहे. २०१४ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले, चवीला तोड नाही. पण साल सैल व पातळ, पांढरा भाग कमी, आणि पिकल्यावर आंबटपणाही कमी. नुसत्या संत्र्यावर मार्मालेड सहसा जमत नाही. त्याला जाड सालीची मोसंबी आणि आंबट लिंबू यांची सोबत लागते. ज्या जंभेरीच्या खुंटावर संत्र्याची कलमे बांधतात, तिचे फळ मिळाले तर लिंबाऐवजी तेही चालते.

दुरुस्त केलेली कृती अशी :

संत्री ५ (सुमारे ६०० ग्रॅम), मोसंबी १ (सुमारे २०० ग्रॅम), कागदी लिंबे ५ (सुमारे २०० ग्रॅम). एकूण फळ १ किलो. साखर सव्वा किलो, पाणी दीड लिटर. फळे चोळून धुवावीत. रस काढून ठेवावा. संत्र्याच्या आणि मोसंबीच्या साली बारीक चिराव्यात. बिया, पापुद्रे, मोसंबीचा सुटलेला पांढरा भाग आणि पिळलेल्या लिंबांची टरफले स्वच्छ सुती फडक्यात बांधून पुरचुंडी करावी. साली, रस, पाणी आणि पुरचुंडी रात्रभर स्टीलच्या पातेल्यात भिजू द्यावी. ॲल्युमिनियम, तांबे, पितळ नको, आंबटाने ते धातू अन्नात उतरतात.

सकाळी मंद आचेवर तास-सव्वा तास शिजवावे. साल दोन बोटांत सहज चिरडली पाहिजे. साखर घातल्यावर साल मऊ होत नाही, उलट कडक होते, म्हणून इथे घाई नको. पुरचुंडी थोडी निवली की दोन ताटल्यांत दाबून पिळावी. जो दाट, बुळबुळीत रस निघेल तो पातेल्यात परत घालावा. तोच आपला खरा ऐवज. मग साखर घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवावी, आणि नंतर मोठ्या आचेवर खळखळ उकळावे. साधारण १५ ते २५ मिनिटे लागतात. मंद आचेवर तासभर रटाळत ठेवले तर पेक्टिन मोडते, रंग काळवंडतो आणि काकवी तयार होते.

झाले हे ओळखायचे कसे? थर्मामीटर असेल तर उकळत्या पाण्यापेक्षा ४ ते ५ अंश जास्त तापमान हवे. नसेल तर स्टीलची ताटली थंड पाण्याच्या परातीवर ठेवावी. तिच्यावर अर्धा चमचा टाकून निवू द्यावे आणि बोटाने ढकलावे. वर सुरकुती पडली की झाले. परीक्षा चालू असताना गॅस बंद ठेवावा, नाहीतर इकडे बघता बघता तिकडे पाक पुढे जातो.

तिसरी रीत माझ्यासारख्या कारकुनाची. रिकामे पातेले आधी तोलून वजन लिहून ठेवावे. तयार मार्मालेडमध्ये शंभरात सुमारे ६५ भाग विरघळलेले घटक, मुख्यतः साखर, असावे लागतात. त्यातला थोडा वाटा फळाचा, बाकी आपण घातलेल्या साखरेचा. म्हणून सव्वा किलो साखर घातली तर आतला माल साधारण २ किलो उरला की थांबावे. आमचा ४ किलो व्हायला हवा होता, तो पावणेपाच किलो होता. ज्या तीन बाटल्या मी नफ्यात धरल्या, ते नुसते न आटलेले पाणी होते! पाणी जास्त राहिले की माल टिकत नाही. एक बाटली मी मुद्दाम तशीच ठेवली. पंधरा दिवसांत तिच्यावर बुरशीची टिकली आली.

उरलेल्या १८ बाटल्या त्याच संध्याकाळी पातेल्यात रिकाम्या केल्या. वस्तीतून लिंबाच्या बिया आणि टरफले गोळा केली, थोड्या पाण्यात शिजवून पिळली, तो रस आणि दोन लिंबांचा रस मिसळून पुन्हा खळखळ उकळले. काट्यावर पावणेचार किलोच्या आसपास आल्यावर सुरकुती पडली. दहा-पंधरा मिनिटे थांबून ढवळले, म्हणजे साली वर न तरंगता सगळीकडे सारख्या बसतात. उकळून वाळवलेल्या कोमट बाटल्यांत गरम असतानाच भरले. झाल्या १५ बाटल्या. रात्रभर कोणी हात लावला नाही. कधी कधी पूर्ण जमायला दोन दिवसही लागतात, म्हणून बाटली हलवून बघण्याची घाई करू नये.

सकाळी मावशींनी बाटली उलटी धरली. आतला माल जागचा हलला नाही. काल तोंड उतरलेली आमची भगिनी सर्वांत आधी हसली.

४५० रुपये भागिले १५, म्हणजे बाटली ३० रुपयांना पडली. दुसऱ्यांदा जाळलेला गॅस मी माझ्या नावे टाकला. प्रत्येकीला एक बाटली दिली. ६ बाटल्या नमुना म्हणून ठेवल्या, कारण किती टिकते हे पाहिल्याशिवाय कोणाला विकणे बरे नव्हे. शिवाय विक्रीसाठी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. ती करूनच बाजारात उतरायचे असे गटाने ठरवले आहे. घरी मात्र कोणीही करावे. थोडे कडसर लागेल, ती मार्मालेडची चवच आहे. साखर भरपूर आहे, तेव्हा पोळीला चमचाभर पुरे. मधुमेह असलेल्यांनी जपूनच.

गटाच्या वहीत मी आता एक ओळ लिहून ठेवली आहे : फेकण्याआधी मावशींना विचारणे.