तिकीट मोफत, पायरी उंच

ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली. पण रिसोडच्या बसस्थानकात गुडघे धरलेल्या आईला बसची पहिली पायरीच चढता येत नसेल, तर सवलत कागदावरच राहते. पायरी चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार येतो. वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारवर टाकली आहे. बस मात्र तितकीच उंच.

तोवर सहल ठरवताना आधी पायऱ्या मोजा. लोणारचे सरोवर काठावरूनच दाखवा. मुक्कामाला तळमजल्यावरची खोली आणि कमोड आहे का, हे फोनवरच विचारा. शौचालयाच्या धास्तीने अनेक आया प्रवासात पाणीच पीत नाहीत. चार तासांहून जास्त वेळ बसून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. वाटेत दोनदा तरी गाडी थांबवा.