शंकानिरसन म्हणजे चर्चा नव्हे

विद्यापीठीय अध्यापनात चर्चेला स्थान असावे, याविषयी आपल्याकडे कोणाचेही दुमत नसते. म्हणूनच बहुधा ते स्थान नेमके कोणते, याची चौकशीही कोणी करीत नाही. केंद्र सरकारने २०१७ साली 'स्वयम्' ही ऑनलाइन शिक्षणव्यवस्था सुरू केली. तिच्या अभ्यासक्रमांची चार अंगे सांगितली जातात: चित्रफितीतील व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चा. यांतील चौथ्या अंगाचे प्रयोजन शंकानिरसन असे सांगितले आहे. सारी मेख या एका शब्दात आहे.

शंका विद्यार्थ्याने विचारायची, निरसन अध्यापकाने करायचे. उत्तर मिळाले की विषय संपला. चर्चेत मात्र उत्तर शोधायचे असते, आणि तेही एकमेकांच्या साहाय्याने. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा यांत भेद केला आहे. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचा खोडत राहणे ही वितंडा. यांतला वाद आपली विद्यापीठे शिकवीत नाहीत. उरलेल्या दोन विद्या विद्यार्थी बाहेर आपसूक शिकतो.

हे नेहमीच असे नव्हते. मुंबई विद्यापीठ स्थापन होण्याच्या नऊ वर्षे आधी, १८४८ साली, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. तिथे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई. मराठी आणि गुजराती भाषकांसाठी ज्ञानप्रसारक सभा या शाखाही निघाल्या. याच मंडळींनी पुढल्या वर्षी मुलींच्या शाळा काढल्या. त्या चर्चेचे मोल गुणपत्रिकेत मावणारे नव्हते.

आधुनिक अनुभवही याहून निराळे सांगत नाही. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९०च्या दशकात एक साधी पद्धत रूढ केली. प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने स्वतंत्र उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचे आणि पुन्हा उत्तर द्यायचे. नुकतेच समजलेल्या विद्यार्थ्याला न समजलेल्याची अडचण प्राध्यापकापेक्षा अधिक नेमकी कळते, हे त्यामागील मर्म.

आता आपल्याकडील हिशेब पाहा. एनपीटीईएलच्या बहुतेक अभ्यासक्रमांत २५ टक्के गुण स्वाध्यायांना आणि ७५ टक्के अंतिम परीक्षेला असतात. चर्चेच्या वाट्याला शून्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्'वरून पूर्ण करता येतात. म्हणजे पदवीचा मोठा हिस्सा असा मिळवता येईल, की ज्यात आपले एकही मत सहाध्यायांसमोर मांडून टिकवावे लागले नाही.

गुण ठेवले तर मुले 'छान मुद्दा' एवढेच लिहून मोकळी होतील, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण गुण बोलण्याला नव्हे, तर दुसऱ्याचा पक्ष त्याला मान्य होईल असा मांडून मगच त्याला उत्तर देण्याला असावेत. गट आठ-दहा जणांचे असावेत, अध्यापकाने शेवटी बोलावे, आणि मराठीत लिहिण्याची मुभा असावी. वर्गात इंग्रजीच्या धाकाने गप्प बसणाऱ्या मुलाला लेखी चर्चा विचार करायला उसंत देते. ती उसंत त्याला मिळणार नसेल, तर शिक्षण घरोघरी पोहोचवल्याचे समाधान आपण कशाच्या बळावर मानायचे?